साल

हान म्युंडेन सोडलं की रस्ता वेझर नदीचा हात धरतो.
मागे यानिस, मांडीवर पावाची पिशवी,
"गोष्टीतलं जंगल कधी येणार?"
पुढे बाबा, चाळीस वर्षं वनरक्षक,
काच खाली करून नुसता वास घेत.

वळण संपलं आणि टेकडी उघडी पडली.
स्प्रूसचे करडे खांब, काही उभे,
बरेचसे आडवे,
मधे एक पिवळं यंत्र एकटंच चरत होतं.
"हेच."
"इथे चेटकीण राहायची?"
"इथेच कुठेतरी."
लांडग्याला लपायला सावलीसुद्धा नव्हती.

मी इंजिन बंद केलं.
बाबांनी एका खोडाची साल सोलली.
आतून तिच्यावर बारीक, वळणदार कोरलेलं,
तांदळाएवढ्या भुंग्याचं काम.
"कुणाचं अक्षर आहे आजोबा?"
"किड्याचं."
"काय लिहिलंय?"
चष्मा खिशात नव्हता.
तरी बोट ठेवून ते वाचायला लागले:
"एक साल कोरडं.
मग दुसरं साल कोरडं.
तिसऱ्या साली…"
"पुढे?"
"पुढे साल तुटलीय."

यानिस वाकून
पुढचा तुकडा शोधू लागला.
गाडीचं दार उघडंच होतं,
पिवळं यंत्र आता
जरा वर सरकलं होतं.