रोलरवर

हडर्सफील्ड. नोव्हेंबर. सकाळचे साडेआठ.
शटर वर केलं तेव्हा दोघी आधीच रांगेत:
पुढे मिसेस हेग यांची मायक्रा, सत्त्याण्णवची,
रंग कागदोपत्री शँपेन,
प्रत्यक्षात उतू गेलेल्या चहाचा.
मागे डॉक्टर ब्रिअर्लींची पिवळी,
बुटकी, रुंद, जमिनीला कान लावून बसलेली.
सहाशे वीस घोडे, आणि बसायला माणसं दोन.

माझं काम वर्षाच्या तपासणीचं.
पास, नापास,
आणि मधल्या जागेत दोन ओळी सूचना.
वडील इचलकरंजीत मागांचे जॉबर होते,
दारातूनच सांगायचे कुठल्या मागाचं काय दुखतंय.
मी तेच करतो, पगार पौंडात.

पिवळी चालू केली.
भिंतीवरचे पाने थरथरले,
शेजारच्या बेकरीतली दोघं पिठाच्या हातांनी बाहेर आली.
खोटं कशाला बोलू,
माझ्याही पन्नाशीच्या पोटात काहीतरी हललं.
मीटरवर चार वर्षांत एकोणीसशे मैल.
"ऊन असेल तेव्हाच काढतो," डॉक्टर म्हणाले.
इथलं ऊन मला माहीत आहे.

मायक्राचे एक लाख त्रेसष्ट हजार.
ड्रायव्हरशेजारच्या सीटवर निळी उशी, पट्टा लावलेली.
मिस्टर हेग यांच्या पाठीसाठी होती ती,
आठवड्यातून तीनदा डायलिसिस, लीड्सला, सहा वर्षं.
"वळणावर सरकते म्हणून पट्टा," बाई म्हणाल्या,
आणि काचेवरचा नसलेला डाग पुसला.

रोलरवर गाडी चढली की
चाकं धावतात, गाडी तिथेच.
एका घोड्याचं काय, सहाशेचं काय,
ब्रेक लागतो की नाही एवढाच प्रश्न.
मायक्राचा लागला. किरकिरला, पण लागला.
पिवळीचं मागचं डावं चाक थांबेचना:
डिस्कवर गंज, कॅलिपर जाम.
वापरून नव्हे, उभं राहून राहून.

नापासाचा कागद डॉक्टरांनी दोनदा वाचला.
दाताचे डॉक्टर; दहाला पहिला पेशंट,
टॅक्सी पाऊण तासाने.
"चला, सोडते," मिसेस हेग म्हणाल्या.
सहा फुटी माणूस गुडघे हनुवटीला लावून आत शिरला,
उशी कुठे ठेवावी कळेना,
शेवटी मांडीवरच घेतली, दोन्ही हातांनी,
दुसऱ्याचं मूल धरावं तशी.
चढावर मायक्रा दुसऱ्या गिअरमध्ये गेली,
मागे बस, बसच्या मागे सगळं गाव.

मी तिच्या कागदावर लिहिलं:
डाव्या बाजूला खाली गंज. लक्ष ठेवा.

मग शटर अर्धं खाली ओढलं,
आणि कारण नसताना
पिवळी पुन्हा एकदा चालू केली.
डोळे मिटून.
नुसती ऐकत राहिलो.