बोट सुटण्याआधी यास्नाला

पिवळीला उठवू नकोस.
खुडूक बसून तिला आज सोळावा दिवस.
ती फुगेल, गुरगुरेल, मनगटावर टोचेल.
टोचू दे, तेवढा तिचा हक्क आहे.
दिवसातून एकदा ती आपणहून उतरते:
दाणे, पाणी, एक भलीमोठी घाण,
चुलीच्या राखेत लोळण, आणि परत.
वीस मिनिटं. पंचवीस झाली तर जाऊन बघ.
तीस झाली तर माझा जुना लोकरी स्वेटर अंड्यांवर घाल.
नव्याला हात लावलास तर याद राख.

अंडी बारा. निळी.
रंगवलेली नव्हेत, हे बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना
सांगून सांगून माझी जीभ झिजली.
एकाला फोडून दाखवलं, टरफल आतूनही निळं,
तर म्हणाला, रंग मुरला असेल.
प्रत्येकावर पेन्सिलीची फुली आहे.
बिनफुलीचं सापडलं तर ते काळीने गुपचूप घातलेलं;
ते काढ, तळ, आणि खा.

वहीचं सांगायचं राहिलं.
पिठाच्या डब्यामागे, तेलकट पुठ्ठ्याची.
तुझा सासरा होता तेव्हा आम्हाला गलमिशांचं वेड:
कानापाशी पिसांचे झुपके, मागे शेपूट नाही,
अशा लांड्या पिल्लाला ओसोर्नोचा वेलास्केस
अख्ख्या मेंढीचे पैसे मोजायचा.
मग काय,
गलमिशांचा कोंबडा, गलमिशांच्याच कोंबड्या,
यात चुकण्यासारखं काय होतं?

बारातली तीन मरायची.
अठराव्या, एकोणिसाव्या दिवशी,
नखांसकट तयार झालेली, आतल्या आत.
तुझा सासरा म्हणाला, वीज कडाडते म्हणून,
आणि घरट्याखाली लोखंडी खिळा पुरला.
मी डावीकडून ओरडणाऱ्या चुकाओ पाखराला शिव्या दिल्या.
दोमितिला शेजारीण म्हणाली, नजर,
आणि माझ्याकडे बघून म्हणाली.
पिवळीच्या आजीला तर मी वाईट आई ठरवून
रश्शात घातलं. त्याची लाज अजून वाटते.

तो गेला त्या हिवाळ्यात झोप नव्हती.
शेगडीपाशी बसून सहा वर्षांचे आकडे मांडले.
तीन. तीन. दोन. चार. तीन. तीन.
आणि फक्त तिथेच, जिथे आई-बाप दोघेही गलमिशावाले.
साध्या कोंबड्याच्या वर्षी एकही नाही.
म्हणजे दोन्हीकडून तोच दागिना आला
की पिल्लाला पेलत नाही, इतकंच.
वीज नव्हे, पाखरू नव्हे, कुणाचा डोळा नव्हे.
सांगायला वळले तर त्याची खुर्ची रिकामी.

खिळा अजून तिथेच आहे. काढू नकोस.

म्हणून हा आताचा कोंबडा, बोडक्या गालांचा.
कुणी त्याचा फोटो काढत नाही.
वेलास्केस येऊन हसेल, हसू दे,
विकू नकोस.
पिल्लांतल्या निम्म्यांना गलमिशा येतील,
निम्मी बापासारखी बावळट दिसतील,
पण बाहेर येतील.

शुक्रवारी रात्री कान लावलास तर
टरफलातून चिवचिव येईल.
पिवळी उत्तर देते, तूही दे, चालतं.
शनिवारी भोक पडेल आणि मग काहीच होणार नाही,
तासन् तास.
तुझी बोटं शिवशिवतील. खिशात घाल.
मी एकदा सोलून मदत केली होती,
ते रक्त अजून नखाखाली असल्यासारखं वाटतं.

पहिला दिवस खायला काही नको,
बलक पोटात घेऊनच येतात.
पाणी उथळ बशीत, बशीत खडे,
नाहीतर बुडतात, इतकी मूर्ख असतात.

कास्त्रोचे डॉक्टर म्हणतात, एकच डोळा आत्ता,
दुसरा पाऊस ओसरला की.
रविवारी येईन, पट्टी बांधलेली.
पिल्लं एकेक करून माझ्या तळहातावर ठेव.
गालाला बोट लावून मी सांगते
कोण कुणावर गेलंय.

आणि कुत्र्याला बांध.