सुलभीकरण

आधी भरमाण्णा यायचा,
तिसऱ्या गेटाकडून उद्यमबागेत, सायकलीवर,
खाकी पिशवीत कस्टमची पक्कड घेऊन.
मागनं रिक्षातून इंगळगीसाहेब.
ते आले की आमचं आवार
उतू जायच्या आधीच्या दुधासारखं गप्प.

कंटेनर तोंड वासून उभा.
आत पंपांची केसिंगं, खोक्यांत, गवताच्या उशीवर,
अजून भट्टीची ऊब धरून असल्यासारखी.
साहेब तीन खोकी उघडायला लावायचे.
कुठली तीन, ते त्यांच्या मनावर.
मग सही, शिक्का, परत सही,
आणि भरमाण्णा तारेत शिशाचा गोळा ओवून
पक्कड दाबायचा: कट्.
त्या आवाजाला आम्ही निर्यात म्हणायचो.

साहेब रजेवर, बोट गेली.
साहेबांची मेहुणी नरगुंदला आजारी, बोट गेली.
एकदा पक्कडच गंजून बसली
आणि हॅम्बुर्गकडच्या कुणाची तरी विहीर, का कारखाना, का काय असेल ते,
महिनाभर आमच्या पंपाची वाट बघत राहिलं.

मग परदेशात कुठं तरी
पुष्कळ देशांनी मिळून सह्या केल्या:
माल उगाच अडवायचा नाही,
विचारायचं ते आधी विचारायचं, थोडं विचारायचं,
आणि सांगणाऱ्याचं खरं धरून चालायचं.

क्लब रोडच्या हॉलात साहेबांनी पडद्यावर दाखवलं,
व्यापार सुलभीकरण.
"बघा सुलभाबाई, तुमच्या नावाचाच करार."
मागच्या रांगेत कुणाला तरी दुसरं सुलभ आठवलं,
बसस्टँडामागचं.
हसू देत की.
फॉर्म वाटले, ते सगळे इंग्रजीत.
ज्या गावात पाटीच्या अक्षरांवरनं काचा फुटतात
तिथं त्या दिवशी कुणी ब्र काढला नाही.

आता सील मीच लावते.
निळं, अंगठ्याएवढं, पोटात चिप.
नंबर मोबाइलवर चढवला की झालं.
ट्रक कोगनोळी ओलांडतो, रात्रभर चालतो,
बंदराच्या दारातलं यंत्र त्याला लांबूनच ओळखतं.
साहेब येत नाहीत. चहाचे कप कमी लागतात.
पहिल्या दिवशी सील हातात घेतलं
तेव्हा वाटलं, शिसं हलकं होतं.

मार्चअखेर. रात्रीचे साडेदहा.
ट्रक जाऊन दोन तास झालेले,
आणि पॅटर्न शॉपच्या भिंतीला टेकून
सतरा नंबरचं खोकं.
कागदावर बेचाळीस. आत एक्केचाळीस.
तीन खोकी उघडायला लावणारं कुणी
आता वाटेत नव्हतं.
मालक म्हणाले, "राहू दे, पुढच्या खेपेत घालू."
मी ड्रायव्हरला फोन लावला. तवंदी घाट उतरला होता.
"वळव," म्हटलं.
त्यानं माझ्या नावाला सुलभ नसलेलं काहीतरी म्हटलं.

मग साहेबांना.
मागं टीव्हीवर कन्नड मालिका, कुणीतरी रडत होतं.
"सील कोण तोडणार?"
"मीच, सर."
"मोजलं कोण होतं?"
"मीच."
मालिकेतली बाई रडायची थांबली.
"आयतु," म्हणाले. "सकाळी लिहून द्या."

बोट गेली. मालक आठवडाभर
माझ्याशी टेबलाच्या मार्फत बोलत होते.

परवा काकतीला गेले तर मार्कंडेयच्या काठी भरमाण्णा,
निवृत्तीला चार वर्षं झाली, दात दोन कमी.
पक्कड सरकारजमा केली म्हणाला,
शिशाचे गोळे मात्र कुणी मागितलेच नाहीत.
ते जाळ्याच्या कडेला ओळीनं बांधलेत.
"अजून कट् वाजतंय काय हो बाई?"
"वाजतंय. बारीक."
त्यानं जाळं फेकलं.
गोळे आधी गेले, जाळं मागनं.
पाणी मिटलं,
आणि आम्ही दोघं उगीच बघत राहिलो
कुणी मोजायला सांगितल्यासारखे.