टाकी नंबर दोन

आल्तिनोच्या पोटात ही टाकी आहे
हे पणजीत फार थोड्यांना ठाऊक होतं.
वरून माणसं मारुतीच्या देवळाकडे जात, बिशपच्या वाड्याकडे जात,
आणि खाली, चिऱ्याच्या छत्तीस खांबांत,
अख्ख्या शहराची उद्याची आंघोळ
काळोखात उभी असायची, न हलता.

मी तिचा झडपवाला. एकतीस वर्षं.
साडेचारला मळा, सहाला सां तोमे.
पाणी आलं की कुणी माझं नाव काढत नसे,
नाही आलं की सगळे काढत.

आता टाकी कोरडी. मुख्य नळ तेवढा भिंतीतून जातो.
महोत्सवाच्या पोरांनी लोखंडी शिडी काढून जिना बसवला,
पायऱ्यांना निळे दिवे,
आणि माझ्या गळ्यात पट्टा: 'स्थळ-साहाय्यक'.
बायको म्हणाली, म्हणजे पुन्हा टाकीवरच ना?

नवव्या खांबाला एक जण दिवसभर कोळसा घासतो.
बाराव्याआड नाटक: दोन माणसं, एक स्टूल,
भांडण कशावरून ते शेवटपर्यंत कळत नाही.
चोडणचा दयेश घुमटावर थाप मारतो,
ती पार पलीकडच्या भिंतीला जाते
आणि म्हातारी होऊन परत येते.

चेलोवाल्या बाईनं यंत्र लावून पाहिलं.
म्हणाली, घुमारा अकरा सेकंद.
म्हटलं, ठाऊक आहे.
कायतान मोजायचा.

गाळ काढायला वर्षातून दोनदा उतरायचो आम्ही,
गुडघाभर रेंदा, बादल्या, एक कंदील.
जेवणाआधी तो बायकोचं नाव हाकारायचा,
'आंतोनेत!'
आणि विझेपर्यंत बोटांची पेरं मोजायचा. अकरा.
ती गेली त्या वर्षी त्यानं हाक मारली नाही.
नुसताच मोजत बसला.
तेव्हाही अकराला थांबला.

उत्तरेच्या भिंतीवर चुन्याच्या रेघा आहेत.
त्यांच्याखाली कुणीतरी पाटी लावली: 'अनाम. चुना, चिरा.'
एका विद्यार्थिनीनं वही उघडून विचारलं,
काका, ह्यामागची संकल्पना काय?
म्हटलं, मे महिना.
ही सगळ्यात खालची रेघ, दोन विती पाणी उरलं होतं तेव्हाची.
बाजूला 'क' आणि 'शां'.
शां म्हणजे शांबा. म्हणजे मी.
तिनं ते लिहून घेतलं की नाही, बघितलं नाही.

तिसऱ्या रात्री चेलो थांबला
आणि थेंब.
मग थेंब.
तीनशे माणसं श्वास धरून. पुढच्या रांगेत कुणी डोळे मिटले.
मला घाम फुटला: तीन नंबरची झडप, वॉशर गेला.
पाना घेऊन चाचपडत गेलो, पाव वळसा दिला.
थांबलं.
आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसा आरती चालू असताना माझाच फोन वाजला.
बाईनं हातानं खूण केली. उघडा.

ज्या गळतीपायी तीन मेमो खाल्ले
ती मी आपल्या हातानं सोडली.
जरा जास्त झाली. आवळली. अजून थोडी.
हं. अशी.
टाळ्या पडल्या त्या कुणाला, देव जाणे.

आज सगळं उतरवलं. वायरी गुंडाळल्या,
कोळशाचा खांब तसाच राहिला, धुवायचा कुणी हे ठरलं नाही.
किल्ली माझ्याकडे.
पूर्वी पाणी सोडण्याआधी वरून हाक द्यायचा नियम होता,
खाली कुणी राहिलं असेल तर.
मी खालीच होतो, तरी दिली.
'कायतान, वर ये रे, पाणी सोडतोय!'

मोजायला लागलो.
सातावर वरचा जनरेटर बंद झाला,
म्हणून पुढचं
जास्त नीट ऐकू आलं.