पंखा बंद करून

सावद्यात मे महिन्यात पंखा बंद करायला सांगणारा
एकच माणूस: नेहेते आबा.
बाजार उठला, केळीचे ट्रक उत्तरेला लागले
की दुकानाच्या पायरीवर चपला काढायचे.
खिशातून औषधाची बाटली, बाटलीत कापूस,
कापसात नखाएवढं काळपट लाकूड.
"ऊद आहे, विसपुते. तोल."

मी तोलायचो, सोन्याच्याच काट्यावर, गुंजेपर्यंत.
बायको म्हणायची, सरपण तोलणारा सोनार
पहिल्यांदा बघते.

आबा भुसावळला आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होते.
एका रात्रपाळीत होजाईहून मुंबईला चाललेलं
अगराचं पार्सल फुटलं.
त्यांनी वेचलं, शिवलं, लाख लावली,
एक कपची ठेवून घेतली नाही.
बोटांना मात्र वास राहिला.
"तीन दिवस चमच्यानं जेवलो," सांगायचे.
"भरीतसुद्धा."
चौथ्या दिवशी वास गेला,
आणि हे सुरू झालं.

घरी भिंतभर कपाट. खणच खण,
पत्रं लावायला असतात तसे,
प्रत्येकावर एका गावाचं नाव,
आबा कधीच न गेलेल्या.
पेन्शनचा तिसरा हिस्सा त्यात.
मुलगा यावर काही बोलत नाही,
म्हणजे आबांशी बोलतच नाही.

मग साथीच्या वर्षी पंधरा दिवस ताप.
ताप उतरला, नाक गेलं.
कपाट आत, माणूस बाहेर.

तेव्हापासून नाक माझं.
राखेत निखारा, वर अभ्रकाचा पापुद्रा,
पापुद्र्यावर तुकडा.
"सांग मले."
तेजाबानं करपलेलं माझं नाक, काय सांगणार?
म्हणायचो, चांगला आहे.
"चांगला हा काय वास आहे का, भो?"
हळूहळू शिकलो.
म्हणालो, जिनातला सरकीचा ढीग आतून तापतो, तसा.
म्हणालो, सातपुड्यातून पावरे आणतात तो सालईचा डिंक,
पण ओल्या फडक्यात बांधलेला.
एकदा म्हणालो, वासरू,
गाईनं अजून पुरतं न चाटलेलं.
आबा डोळे मिटून ऐकत होते.
"वासराच्या मागं गूळ असंन. थांब जरासा."
थांबलो.
होता.

परवा आणला तो अंगठ्याएवढा.
काळा, जड, पाण्यात बुडणारा.
स्टेशनवर घेतला म्हणाले.
किंमत विचारायची गरज पडली नाही.
मी घडवलेली अंगठी त्यांच्या बोटात नव्हती.

पारड्यात ठेवताना तुकडा एका अंगाला लवंडला.
हाताला तेव्हाच कळलं. शिसं.
तरी अभ्रकावर ठेवला.
आधी बुटाचं पॉलिश, मग रॉकेल,
मग नुसता जाळ.

"सांग."

हनुवटीवरचा घाम पारड्यात पडला,
काटा हलला.
म्हणालो, "वासरू..."

आबांनी डोळे उघडले.
"धूर काळा आहे, विसपुते.
माझं नाक गेलं. डोळे आहेत."

चिमट्यानं तुकडा उचलला, फुंकून गार केला,
कापसात ठेवला, कापूस बाटलीत.
चिठ्ठी लिहिली, ठाशीव सरकारी अक्षरात:
भुसावळ, फलाट तीन. गोड बोलणारा माणूस.

"याला पण खण?"
"पत्ता चुकलेल्या पत्रालेही खण होता आमच्याकडे."

मग बोट पुढं केलं,
पांढरा वळ उरलेलं.
"याले काही येतं का, पाय."
"सोन्याला वास नसतो, आबा."
"सोन्याचं कोण इचारतं?"

मी वाकलो.
लाख होती. सुतळी होती.
खाली आणखी काहीतरी, खूप खाली,
त्याला नाव सापडेना.
"थांब जरासा," आबा म्हणाले.

पंखा लावायचं
दोघांच्याही ध्यानात आलं नाही.