लॉट क्रमांक दोनशे चौदा

अनगोळच्या वरच्या खोलीत रात्री दीडला
माझी पाळी सुरू होते.
तिकडे जिनिव्हात जेवणं उरकत आलेली असतात.
काम एवढंच: श्रीमंतांच्या वस्तूंतले दोष शोधायचे
आणि कुणाला लागणार नाहीत अशा शब्दांत लिहायचे.
मगरीच्या कातड्याची पर्स, कोपऱ्याला किंचित झीज.
नीलमण्याची अंगठी, आतून एक ओरखडा,
भिंगाशिवाय न दिसणारा.
कुण्या राजपुत्राचं घड्याळ; चालतं,
पण वेळेची हमी नाही.

फोटो मोठा करत जाते, अजून मोठा,
वस्तू नाहीशी होते
नुसती कातडी उरते तिची.

दोनशे चौदा.
चांदीचा शॅम्पेन कूलर, दोन कड्या, वजन चार किलो,
भारत, विसाव्या शतकाचा उत्तरार्ध.
काठाखाली ठिपक्यांची नक्षी, अर्थ अज्ञात.

घंगाळ होतं ते.
आणि नक्षी मला वाचता येत होती:
चि. सौ. कां. रत्नाक्का हीस
आदगोंडा तवनाप्पा, निपाणी, यांजकडून सप्रेम भेट.
सप्रेममधली तेवढी तिरकी रेघ
बाकीच्या ठिपक्यांहून खोल.

खाली जाऊन अप्पांना उठवलं.

चाळीस वर्षं गणपत गल्लीत
भांड्यांच्या दुकानापुढं पोतं टाकून,
मांडीत दुसऱ्याचं भांडं, हातात टोच्या,
भरमा सांबरेकर नावं घालत बसला.
आधी विचारायचं, मराठी का कानडी,
मग ठक ठक ठक.
शाळा त्यांची कानडी, तीही चौथीपर्यंत.
मराठी अक्षरं गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवरून उचललेली,
रांगोळी उचलावी तशी, बोटांनी.

चष्मा चढवून बराच वेळ बघत राहिले.
‘तंबाखूवाले शेठ. मोटारीनं आले होते.
वाचलं नि म्हणाले, सपेम?
प्रेमातला र कुठं खाल्लास रे?
चारातले दोन रुपये कापले.
मग मारली मी ती रेघ.
रागानं मारली गे. खोल बसली.’

रकान्यात मी लिहिलं:
काठाखाली मराठी मजकूर, वाचनीय.
एका अक्षराची दुरुस्ती, त्याच हातची.

पंधरा मिनिटांत वरून उत्तर:
नक्षीच राहू दे.
मजकूर म्हटलं की लोक विचारतात
कुणाचं होतं, विकलं का.

पाटीवर कुठली अक्षरं वर, कुठली खाली
एवढ्यावरून ज्या गावाचा बाजार बंद होतो
त्या गावात बसून मी मजकूर खोडला,
नक्षी लिहिलं.

गुरुवारी रात्री अप्पा जागे राहिले,
शाल घेऊन, माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर.
शेवटची दोन मिनिटं संपता संपत नाहीत तिथं,
कुणी आकडा टाकला की घड्याळ परत दोनवर.
‘संपंना की हे,’ अप्पा म्हणाले.
‘आमच्याकडं एक वार, दोन वार, तीन वार, सुटलं.’

सुटलं एकदाचं. रुपयांत किती विचारलं.
सांगितलं. त्यांनी शाल नीट केली.

‘घेतलं कुणी?’
‘सात हजार सातशे चौदा.’
‘ते पैसे झाले. नाव?’
‘नाव नसतंय अप्पा. नंबरच असतोय.’
‘मग उद्या कुणाच्या लग्नाला दिलं पंगतीला,
तर परत आणताना ओळखायचं कसं?’

ते भांडं आता कुठल्याच पंगतीला जाणार नाही,
बर्फ भरून कुठल्यातरी बोटीवर उभं राहील,
हे काही मी बोलले नाही. दोनशे पंधरा उघडलं.

जिना उतरताना अर्ध्यात थांबले.
‘रेघ दिसत होती म्हणालीस?’
‘दिसत होती की.’
‘लांबूनसुद्धा?’
‘छे. फोटो खूप मोठा केल्यावर.’
‘मग बरं,’ म्हणाले,
आणि भिंतीला हात लावत
एकेक पायरी उतरत गेले.