मीटरभर वायर

वर्षात ही तिसरी गेली.
पहिली मानेपाशी सोलली, आतली तांबूस नस दिसू लागली.
दुसरी ओलीने हिरवी पडली, खिडकीतल्या खिडकीत.
तिसरीला फोन एकाच कोनात,
पंचांगाला टेकवून ठेवावा लागायचा,
कुणी दार आपटलं की चार्जिंग बंद.
ऐंशी, नव्वद, शंभर.
बेरीज मी करत नव्हते.

बुधवारी डिचोलीला गेले पुरुमेंताच्या खरेदीला.
शिरगावची जत्रा उरकलेली,
बसच्या आरशाला अजून सुकलेली मोगरीची माळ.
सोलं घेतली, सुंगटं घेतली, मिरचीवालीने विचारलं, कशाला हवी,
रंगाला की तिखटाला?
मग सुलक्षाच्या दुकानात
काचेखाली वायरींची वेटोळी, वाकट्यांसारखी चपटी, चंदेरी.
"सगळ्यात चांगली दे."
तीही म्हणाली, "कशाक?"

फोनला. लेकाच्या टॅबला.
बाबांच्या कानाच्या मशीनच्या डबीला.
"लॅपटॉप?"
नाही.
तेव्हा तिने साडेआठशेचं खोकं
न उघडताच मागे सरकवलं.
दोनशे चाळीस वॅट सोसते म्हणे ती,
माझा फोन पिणार पंचवीस.
"तांब्याभर उदकाक बांयचो पंप कित्याक?"

दुसरी काढली, साठ वॅटची, दोनशे साठ रुपयांची.
मान वाकवून दाखवली, तिथला रबर जाड होता.
टोक खोचलं तर टक् वाजलं, हललं नाही.
मधे एक चिमुकला मीटर लावून
हिरवे आकडे चढताना दाखवले.
मी म्हटलं, दोन मीटरची नाही?
"ती पलंगामेरेन पावता," ती म्हणाली,
"मागीर न्हीद येना."
तिथे उभ्या उभ्या मी अखेर ती बेरीज केली.
दोनशे सत्तर.

रात्री फोन भरला. टॅब भरला.
बाबांची डबी तेवढी काळीच.
उलटी लावली, सुलटी लावली, फुंकर मारली, काही नाही.
दुसऱ्या दिवशी डबी घेऊन परत, जरा भांडायच्याच तयारीने.

सुलक्षा हसली.
दोन्ही टोकं सारखी असली ना,
की वीज आधी विचारते, कोण तू, किती हवी.
स्वस्तातल्या डबीला उत्तर देता येत नाही.
ती गप्प, म्हणून वीजही गप्प.
खणातून एक साधी वायर काढली,
एक टोक जुन्या चालीचं, रुंद, चौकोनी.
"ही विचारीना. दिता."
साठ रुपये.

बसमध्ये ती वायर मांडीवर घेऊन बसले.
बाबा खाणीच्या वजनकाट्यावर होते तीस वर्षं,
ट्रकामागून ट्रक, आणि कान तिथेच ठेवून आले.
चहा आणखी हवा का विचारलं तर
ओठ बघतात, आणि म्हणतात, असू दे.
मी कितीदा तरी तेच उत्तर धरून
किटली खाली ठेवली आहे.

आता एकाच खिळ्याला दोन्ही लटकतात,
साध्या वायरीला मी लाल दोरा बांधलाय.
चढ्या भावाची तिच्याकडे जरा वरून बघते, असं मला वाटतं.

सकाळी पोदेराचा हॉर्न वाजला.
माझ्याआधी बाबा फाटकाशी, हातात मोजलेली नाणी.
पोई महाग झाल्याचं
त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं,
आणि किती तरी वेळ
ते मोठमोठ्याने वाद घालत राहिले.